आवाजाची दोरी

"आपा, आलं बरं का किनमेन. खाली आपली खाडी आहे. आता उतरायचं," बीयुन खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे वाकून पुटपुटली, आणि तेवढ्यात खाली जाता जाता विमानानं एकदम नाक वर केलं.

मागं कुणाचं तरी लहान मूल किंचाळलं. खिडकीबाहेर ना खाडी होती, ना धावपट्टी, ना गावाबाहेरची सुरूची झाडं. होतं ते नुसतं पांढरं. बीयुनचं अर्धं आयुष्य ताइपेच्या एका हॉटेलात चादरींना इस्त्री करण्यात गेलं होतं. पण इतकी सलग, इतकी बिनसुरकुतीची चादर तिनं कधी पाहिली नव्हती.

"गेलं!" पलीकडच्या खुर्चीतला माणूस म्हणाला. "उंबऱ्याला पाय लावून परत फिरलं. हे एप्रिलमधलं धुकं म्हणजे आमच्या मेव्हण्यासारखं. एकदा येऊन बसलं की उठायचं नाव नाही."

त्याचं आडनाव ओयांग. तोही किनमेन बेटावरचाच, पण दक्षिणेकडच्या गावचा. फरशा बसवायची कामं करायचा. भाचीच्या लग्नाला निघाला होता, आणि मांडीवर अननसाच्या मिठाईचे डबे एकावर एक रचून बसला होता. ताइपेहून निघताना त्यानं सहज विचारलं होतं, "ताई, खिडकीची जागा रिकामीच आहे, सरकू का तिकडं?" तेव्हा बीयुननं घाईघाईनं त्या खुर्चीवर हात ठेवला होता. "नको. तिथं बसलंय कुणीतरी." त्यानं एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्या बाहीवर टाचलेल्या सुतकाच्या तागाच्या तुकड्याकडे, मग तिच्या मांडीवरच्या पिवळ्या कापडी पिशवीकडे. आणि डबे आपल्याकडे ओढत म्हणाला होता, "बसू दे, बसू दे. पाय पसरून बसा म्हणावं."

पिशवीत आपांच्या, तिच्या वडलांच्या, अस्थींचा कलश होता. शेजारी, घडी घालून ठेवलेली पांढऱ्या कागदाची पताका. तिच्यावर आपांचं नाव होतं.

तब्येत दाखवायला म्हणून आपा महिन्यापूर्वी ताइपेला आले आणि परत जायचे राहिलेच. काल दहन झालं. तिथल्या पुजाऱ्यानं पताका हातात देताना बीयुनला बजावलं होतं, "अस्थी तू हातात धरून नेशील, पण बापाला हाक मारूनच न्यावं लागतं. नवा गेलेला माणूस लहान पोरासारखा असतो, बाई. वाट कळत नाही त्याला. दार आलं तर दार सांगायचं, पूल आला तर पूल सांगायचा. पाणी ओलांडताना तर आधी सांगायचं. नाही सांगितलं तर तो तिथंच बसून राहतो. तुझी वाट बघत."

म्हणून सकाळपासून बीयुन बोलत होती. आपा, ही लिफ्ट आहे, पोटात कालवेल जरा. आपा, टॅक्सी. डोकं जपून. आपा, नदी आली, पूल आहे. आपा, या चौकटीतनं जाताना टुंग वाजतं, घाबरू नका, सगळ्यांचंच वाजतं. तीस वर्षांत बापलेक टेलिफोनवर जेवढं बोलले नसतील, तेवढं ती आज एका सकाळीत बोलली होती. टेलिफोनवर असायचं काय? "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." मग जरा वेळ दोन्हीकडचा श्वास, आणि "ठेव आता, बिल चढतं."

विमान धुक्यावर घिरट्या घालत राहिलं. एकदा, पुन्हा एकदा. आत सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली. कुणी पट्टा काढला, कुणी परत लावला. मग वैमानिकाचा आवाज आला. किनमेनचा विमानतळ बंद झाला आहे. आपण पेंगहू बेटांवर, मागोंगला उतरत आहोत.

घर आलं असं बीयुन आपांना सांगून बसली होती! ती घाईनं खुर्चीकडे वळली. "नाही हो आपा, नाही आलं अजून. माझंच चुकलं. जरा पेंगहूला थांबायचंय. उठू नका. बसा."

"फिरवतायत होय तुमच्या वडलांना?" ओयांग हळू आवाजात म्हणाला. "फिरू दे. जन्मभर कुठं गेले असतील फारसे?"

"खाडीपलीकडं कुठं नाही," बीयुन म्हणाली. "कालवं काढायचे."

*

मागोंगला धुकं नव्हतं. वारा होता. असला वारा, की विमानाच्या दारात उभं राहिलं की माणूस आधी आपलं तोंड सांभाळतो. अस्थींवर ऊन पडू द्यायचं नसतं म्हणून बीयुननं काळी छत्री उघडली, आणि ती उघडताक्षणी उलटी झाली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उलटलेली छत्री, मागून माणसांचा लोंढा. "चला, चला, पुढं चला, रांग लावायचीय!" त्यात फोन वाजायला लागला.

पायऱ्या उतरून मोकळ्या जागेत आल्यावर तिनं तो कसाबसा कानाला लावला. धाकटा भाऊ चेंगवेइ होता.

"ताई, कुठं आहेस? विमान डोक्यावरनं गेलं, आवाज आला आम्हाला! खाली येतंय येतंय म्हणेपर्यंत लांब गेलं. आणि आई माझं ऐकतच नाहीये. आवाज आल्यापासनं जी उठलीय ती तिथं जाऊन–"

पुढचं वाऱ्यानं नेलं.

आत आल्यावर, रांगेत उभी राहिल्यावर, छत्री मिटून झाल्यावर, श्वास जागेवर आल्यावर तिला आठवलं.

सांगितलंच नाही.

दार आलं, सांगितलं नाही. पायऱ्या आल्या, सांगितलं नाही. उलट, बसा, उठू नका, हेच शेवटचं सांगून आले मी.

ती रांगेतून बाहेर पडली. भिंतीकडे गेली, गुडघ्यांवर बसली आणि पिशवीच्या कप्प्यातून पुजाऱ्यानं दिलेले कौल काढले. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एका अंगाला सपाट, एका अंगाला फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर 'हो'. दोन्ही फुगीर वर आले तर 'नाही'. दोन्ही सपाट आले तर वरचे नुसते हसले असं समजायचं.

"आपा, आहात ना माझ्याबरोबर?"

दोन्ही फुगीर.

"आपा, राग आला का? इथंच आहात ना?"

दोन्ही फुगीर.

तिसऱ्यांदा टाकायला हात उचलेना. मागून ओयांगचा आवाज आला. डबे काखेत घेऊन तो कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"टाका ताई. आपल्याकडं तिसऱ्याला मान असतो."

तिनं टाकले. दोन्ही सपाट. कौल फरशीवर उताणे पडून हसत होते.

"राहिले ते," बीयुन म्हणाली. "विमानातच राहिले. मीच सांगितलं बसा म्हणून. कुणी ऊठ म्हटल्याशिवाय ते कधी उठले नाहीत, ओयांगभाऊ. बसले असतील तसेच. हात मांडीवर ठेवून."

त्याच वेळी भोंग्यातून घोषणा झाली, की हे विमान थोड्या वेळात ताइपेला परत जाईल. ज्यांना परत जायचं असेल त्यांनी जावं, ज्यांना किनमेनलाच जायचं असेल त्यांनी इथं थांबावं, धुकं उठलं तर दुसरं विमान देऊ.

बीयुन उठून उभी राहिली. काचेपलीकडे ते विमान उभं होतं. दार उघडं होतं. आत झाडझूड चालली असावी. आपल्या रिकाम्या खुर्चीवरून कुणी फडकं फिरवत असेल का, या विचारानं तिला कसंतरीच झालं.

तिनं चेंगवेइला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पिशवी आहे ना हातात? मग आपा आहेतच की. कौलांचं काय मनावर घेतेस! पुजारी येऊन बसलाय, अंधार पडायच्या आत उरकायला हवं म्हणतो. मिळेल त्या विमानानं ये."

"आणि आईला काय सांगू?"

"आईला नको सांगू."

*

काउंटरवरची मुलगी वयानं लहान होती. छातीवरच्या पट्टीवर 'सू' असं आडनाव होतं. भोवती माणसांचा गराडा पडला होता आणि जो तो तिच्यावरच खेकसत होता, जणू धुकं तिनंच पाठवलं होतं.

"मावशी, एकदा उतरल्यावर परत विमानात नाही सोडता येत," ती म्हणाली. "काही राहिलंय का? काय वस्तू आहे सांगा, मी आत निरोप देते. आणून देतील."

बीयुनचा आवाज मुळातच बारीक. हॉटेलच्या तळघरात इस्त्रीच्या वाफेत कुणाशी मोठ्यानं बोलायचं कामच पडलं नव्हतं. ती नुसती पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

"वस्तू नाही गं पोरी," ओयांग मध्येच म्हणाला. "वडील राहिलेत."

गराड्यातले आवाज जरा खाली आले. सूनं बाहीवरचा तागाचा तुकडा पाहिला, पिशवी पाहिली.

"हाक मारायची राहिली?"

बीयुननं मान हलवली.

सू खुर्चीतून उठली. शेजारणीला म्हणाली, "दोन मिनिटं बघ गं," आणि चालायला लागली. चालता चालता मागं न बघताच बोलत होती. "माझे आजोबा होडीवरनं गेले. मिळालेच नाहीत. आजी तीन दिवस किनाऱ्यावर उभी राहून हाका मारत होती. मी लहान होते. मला वाटायचं, एवढ्या वाऱ्यात कसं ऐकू जाणार त्यांना?" मैदानाकडे उघडणाऱ्या काचेच्या दाराशी ती थांबली आणि तिथल्या माणसाशी काहीतरी बोलली. त्यानं आधी डोकं हलवलं, मग विमानाकडे पाहिलं, मग कुलूप काढलं. "उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, मावशी. इथनंच मारा हाक."

दार उघडलं आणि वारा आत घुसला. समोर विमान होतं. त्याच्या उघड्या दाराशी पायऱ्या लावलेल्या.

"आपा," बीयुन म्हणाली.

"एवढ्यानं मांजरही यायचं नाही, ताई," ओयांग म्हणाला.

बीयुनला मागं सगळी माणसं बघत असल्याचं कळत होतं. कानशिलं तापली होती. आणि त्या तापल्या कानांत, कुठून कोण जाणे, परात वाजायला लागली.

उत्तर किनाऱ्यावरचं त्यांचं गाव. ओहोटीला पाणी मागं सरलं की आपा खांद्यावर कावड घेऊन चिखलात उतरायचे, दूर दगडी खांबांच्या रांगांपर्यंत. त्या खांबांवर कालवं धरलेली असायची. ती खरवडता खरवडता धुकं आलं, की दिशा जायची. मागून भरती यायची. अशा वेळी आई पत्र्याची परात घेऊन बांधावर उभी राहायची आणि लाकडानं ती बडवत राहायची. आणि लहान बीयुन गळ्याच्या शिरा ताणून हाका मारायची. गावातल्या सगळ्याच लेकी मारायच्या त्या हाका. किती वेळ, ते धुक्याच्या हातात असे. मग त्या पांढऱ्यात आधी कावडीची करकर ऐकू यायची. मग पाय दिसायचे. मग आपा. एक शब्द न बोलता ते उंबऱ्याशी बसायचे, आणि आई त्याच परातीत ऊन पाणी ओतून त्यांच्या पायांपुढे ठेवायची.

बीयुननं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी आवळली, तोंड वर केलं आणि चाळीस वर्षं न वापरलेला गळा उघडला.

"आपाऽऽ! इकडं याऽऽ!"

विमानाच्या पायऱ्यांवर झाडू घेऊन उभी असलेली बाई थबकून बघायला लागली.

*धुक्यानं गिळला बांध, धुक्यानं गिळली होडी,*
*आपा, माझ्या आवाजाची हाती धरा तुम्ही दोरी.*

*भरतीचं पाणी येतं मागं मागं तुमच्या पायी,*
*परातीच्या नादे यावं, आपा, घर इथं हाई.*

दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. तो फाटलेलाच तिनं पुढं नेला. ओयांगनं डबे खाली ठेवले आणि आपल्या जाड, बेसूर आवाजात "या हो आपा, या!" असं म्हणायला सुरुवात केली. जणू ते त्याचेही कुणी लागत होते. त्याच्याही गावाला खाडी होतीच की. आणि सू, हात तोंडाभोवती धरून, आपल्या बेटाच्या बोलीत ओरडली, "आजोबाऽ, पायऱ्या जपून! वारा हाय!"

पायऱ्यांवरची झाडूवाली बाई काय समजायचं ते समजली असावी. ती कठड्याला चिकटून बाजूला झाली. उतरणाऱ्याला वाट द्यावी तशी.

दार बंद झालं. बीयुन तिथंच फरशीवर बसली. कौल दोन्ही तळव्यांत धरले, कपाळाला लावले, आणि टाकले.

एक समोरच थांबला. सपाट बाजू वर. दुसरा कडेवर उभा राहिला, गरगरला आणि थंड पेयांच्या यंत्राखाली घुसला.

मग ओयांग पोटावर आडवा झाला, गाल फरशीला लावला, आणि एका डोळ्यानं आत बघायला लागला.

"काय आहे?" बीयुननं विचारलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही.

ओयांग बराच वेळ बघत होता. निदान तिला तसं वाटलं.

"फुगीर," तो म्हणाला. "फुगीर बाजू वर. 'हो' म्हणतायत."

आणि हात आत घालून त्यानं तो तुकडा बाहेर ओढला. ओढताना तो उलटला, सुलटला. त्याच्या हातात आला तेव्हा तो नुसता लाकडाचा तुकडा होता.

बीयुननं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओयांग शर्टावरची धूळ झटकत होता. तिच्याकडे बघत नव्हता. "आधी यंत्राखाली झाडायला सांगा कुणाला तरी," तो पुटपुटला. "केवढी धूळ!"

पुन्हा टाकावेत असं तिच्या मनात आलं. पण तिची बोटं कौलांवर मिटली ती मिटलीच.

*

दुपार कलता कलता किनमेन उघडलं. तोपर्यंत बीयुनला एका जागी बसवेना. ती काचेपर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई. ताइपेला परत जाणारं विमान उठलं तेव्हा ते दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. सूनं काळ्या गुळाचा केक आणून दिला. बीयुननं त्यातला एक घास शेजारच्या खुर्चीवर कागदावर ठेवला. "आपा, पेंगहूचा केक. खा."

पुढच्या विमानात तिनं एकही गोष्ट सांगायची सोडली नाही. दार, पायरी, पट्टा, पाणी. ओयांग दोन रांगा मागं होता. उतरल्यावर त्यानं मिठाईचा एक डबा तिच्या हातात कोंबला.

"लग्नाच्या घरचं दुःखाच्या घरी चालत नाही, भाऊ," ती म्हणाली.

"लग्नाच्या घरी अजून पोचलंय कुठं ते?" तो म्हणाला. "हे विमानातलं आहे." आणि गर्दीत गेला. त्या कौलाचं त्याला विचारायचं राहिलं ते राहिलंच.

चेंगवेइ गाडी घेऊन आला होता. बीयुन मागं बसली, शेजारी जागा सोडून. "आपा, चेंगवेइची गाडी. आपा, बाजारपेठ. आपा, देवळाचं वळण आलं." चेंगवेइ मधूनमधून आरशातून बघायचा. गावाकडच्या रस्त्याला लागल्यावर धुक्याच्या उरल्यासुरल्या लडी शेतांवर लोळत पडलेल्या दिसायला लागल्या. त्यानं काच खाली केली.

टण. टण. टण.

"काय आहे ते?"

"तेच तर सांगत होतो सकाळी," चेंगवेइ म्हणाला. "विमानाचा आवाज लांब गेला तशी परात घेऊन बांधावर जाऊन बसली. जेवली नाही. पुजारी म्हणाला असं करू नये, तर त्याला म्हणाली, तू तुझं बघ. शेवटी मीच उचलून दारात आणून बसवली. तरी हात थांबत नाही."

कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगाला वळसा घालून गाडी थांबली. ऐंशी ओलांडलेली आई उंबऱ्याशी बुटक्या स्टुलावर बसली होती. मांडीवर परात, हातात लाकूड. लय केव्हाच सुटली होती. टण... टण. डोळे गाडीकडे होते, पण हात थांबला नव्हता.

चेंगवेइनं पुढं होऊन छत्री धरली. बीयुन उतरली. आईला सांगायचं नाही असं रस्ताभर घोकलेलं, नेमकं तेच तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

"आई, मी मागोंगला त्यांना सांगायचं विसरले. विमानात राहिले होते ते. हाका मारल्या. खूप मारल्या. पण आले की नाही... मला नाही माहीत, आई."

चेंगवेइनं डोळे मिटून घेतले. आत पुजाऱ्याची घंटा थांबली.

आईनं परातीवर आणखी एक टोला दिला. तो विरेपर्यंत थांबली.

"तू विसरलीस," ती म्हणाली. "मी वाजवतच होते की सकाळपासनं."

मग ती म्हणाली, "उंबरा सांग त्यांना. उभं का ठेवलंयस?"

बीयुननं पताका उघडली. घसा पुरता बसला होता. हवा तेवढी बाहेर आली. "आपा, घर आलं. उंबरा आहे."

आईनं लाकूड खाली ठेवलं. बुडाला जागोजागी पोचे पडलेली ती परात तिनं दाराबाहेरच्या दगडावर टेकवली, चुलीवरून किटली आणली, आणि ऊन पाणी ओतलं. बोट बुडवून पाहिलं. जरा गार पाणी घातलं. पुन्हा पाहिलं. मग टॉवेल खांद्यावर टाकून स्टुलावर बसली, परातीकडे बघत, सावकाश पाय धुणाऱ्या माणसाचं आटपेपर्यंत बसावं तशी.

पाण्यातून वाफ निघत होती. पुजारी आतून दोनदा खाकरला. कुणी उठलं नाही.